चौदा पौंडांची शाळा

इंग्लंडच्या उत्तरेला केस्टरटन नावाचं लहानसं गाव आहे. तिथली मुलींची शाळा २०१३ साली जवळच्या सेडबर्ग शाळेत विलीन झाली आणि १८२४ पासून चालत आलेली तिची स्वतंत्र वाटचाल थांबली. चर्चच्या माणसांनी काढलेली, चर्चच्या देणग्यांवर वाढलेली ही शाळा. मराठी वाचकाला तिचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ‘जेन एअर’ वाचलेल्या प्रत्येकाला तिथली थंडी, करपलेली लापशी आणि तापाची साथ ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचलेल्यांना तर या शाळेतून बाहेर पडलेली एक शिक्षिकाही भेटलेली आहे. फक्त ती आधी कुठे होती, हे सहसा कुणी सांगत नाही.

माझ्या मावशीने सारी नोकरी नन्सनी चालवलेल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. केस्टरटनवरून आमचं जुनं भांडण आहे. ते जसं होतं तसं मांडायचा हा प्रयत्न.

मी : मावशी, या शाळेचं कौतुक करताना तू दोन मुलींची नावं गाळतेस. मराया ब्राँटे आणि एलिझाबेथ ब्राँटे. १८२४ च्या जुलैमध्ये त्यांना काउअन ब्रिजला, म्हणजे शाळेच्या पहिल्या जागेत, घातलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात मराया गेली, जूनमध्ये एलिझाबेथ. एक अकरा वर्षांची, दुसरी दहा. दोघींनाही क्षय. शाळेतून आजारी म्हणून घरी पाठवलं आणि घरी येऊन त्या मेल्या.

मावशी : गाळत नाही गं. पण तू शेवटापासून सुरुवात करतेस. ती शाळा निघाली का, हे आधी बघ. त्या काळी खेड्यातल्या पाद्र्याचं घर त्याच्या नोकरीला बांधलेलं असायचं. बाप गेला की पगार गेला आणि घरही गेलं. मागे राहिलेल्या मुलींनी करायचं काय? मजुरीला जायचं तर कुळाचा मान आड यायचा, लग्नाला हुंडा नाही. एकच वाट उरायची, ती म्हणजे कुणाच्या तरी घरी मुलांना शिकवायला राहायचं. त्यासाठी स्वतःला काही यायला हवं. मुलींना शिकवणाऱ्या खाजगी शाळांचं शुल्क गरीब पाद्र्याच्या आवाक्यात नव्हतं. विल्यम केरस विल्सन या पाद्र्याने वर्षाला चौदा पौंडांत खाणं, राहणं आणि शिक्षण देणारी शाळा काढली. उरलेला खर्च देणगीदारांचा. मुलींचा बाप पॅट्रिक ब्राँटे; त्याला सहा मुलं, बायको वारलेली. त्याला ही शाळा देवानेच धाडली असं वाटलं असेल तर नवल नाही.

मी : देणगीदारांच्या यादीत विल्बरफोर्सचं नाव होतं, हे तुला माहीत आहे?

मावशी : गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेला? मग चांगलंच आहे.

मी : तोच. आणि १८१३ च्या सनदेत हिंदुस्थानचं दार मिशनऱ्यांना उघडं करून देणाराही तोच. काउअन ब्रिजची शाळा निघाली त्याच १८२४ साली अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची पहिली शाळा उघडली. दोन्हीकडे विचार एकाच घडणीचा. गरीब मुलीला अक्षर द्यायचं, पण त्याबरोबर तिला तिची पायरीही शिकवायची. केरस विल्सन मुलांसाठी ‘चिल्ड्रन्स फ्रेंड’ नावाचं मासिक काढायचा. त्यात मरणाऱ्या मुलांच्या गोष्टी असायच्या. चांगलं मूल हसत मरतं, वाईट मूल नरकात जातं. ज्या माणसाला मुलांनी असं वाचावं असं वाटतं, त्याच्या शाळेत मूल आजारी पडलं तर घाई कोण करणार?

मावशी : हा तुझा तर्क झाला, पुरावा नाही.

मी : मग पुरावा घे. एलिझाबेथ गॅस्केलने शार्लट ब्राँटेचं चरित्र लिहिलं, तेव्हा तिने त्या शाळेतल्या जुन्या मुलींना गाठून विचारलं. स्वयंपाकीण अजागळ होती. दूध नासलेलं, लापशी करपलेली. आणि भात! छपरावरून वाहून पिंपात साठलेल्या पावसाच्या पाण्यात तो शिजवायचे. छपरावरची धूळ त्या पाण्यात उतरलेली असायची आणि भाताला तिचा वास यायचा. दर रविवारी टन्स्टलच्या चर्चला जायचं, दोन मैलांहून जास्त चालत, हिवाळ्यातही. चर्च थंडगार. दोन प्रार्थनांच्या मधे दारावरच्या खोलीत बसून सोबत आणलेलं गार जेवण जेवायचं. ओले पाय तसेच. आणि मरायाची ती हकीकत. आजारी होती, कुशीला औषधाचा फोड आणलेला. सकाळी उठवेना, तरी कपडे करायला लागली. तेवढ्यात एका शिक्षिकेने तिला हाताला धरून खाटेवरून खेचलं, खोलीच्या मध्यावर नेऊन सोडलं आणि अव्यवस्थितपणाबद्दल बोलणी दिली. मराया फारसं बोलली नाही, मैत्रिणींना एवढंच म्हणाली की रागवू नका. शाळेतल्या एका मुलीने हे पाहिलं होतं. कित्येक वर्षांनीही ती ते विसरली नव्हती.

मावशी या हकीकतीपाशी नेहमी गप्प होते. तिने कित्येक तुकड्यांना ‘जेन एअर’ शिकवली आहे. हेलन बर्न्सच्या मरणाचं प्रकरण वर्गात वाचताना ती स्वतः मोठ्याने वाचायची, मुलींकडून वाचून घ्यायची नाही. हेलन म्हणजे मराया, हे ती पहिल्याच तासाला सांगून टाकायची.

मावशी : मराया तशी गेली, हे मला मान्य आहे. पण शार्लट तिथे होती तेव्हा आठ वर्षांची होती, एक वर्षही पुरतं राहिली नाही. बहिणींच्या मरणाचं दुःख तिने वीस वर्षं पोटात ठेवलं आणि १८४७ साली ते कादंबरीत उतरलं. कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे. आणि गॅस्केलनेच लिहिलंय की शार्लटला पुढे वाटायचं, लोक ही शाळा इतक्या लगेच ओळखतील हे कळलं असतं तर आपण तसं लिहिलं नसतं. शाळा १८३३ मध्ये केस्टरटनला गेली, चांगल्या हवेला गेली. जेवण सुधारलं, स्वयंपाकीण तर त्याआधीच बदलली होती.

मी : सुधारली, पण कबूल केलं नाही. १८५७ मध्ये गॅस्केलचं पुस्तक आलं आणि केरस विल्सनच्या बाजूने खटल्याची धमकी आली. वर्तमानपत्रात पत्रापत्री सुरू झाली. शार्लटचा नवरा आर्थर बेल निकल्स बायकोच्या बाजूने उभा राहिला, पलीकडून शाळेचे हितचिंतक. गॅस्केलला तिसऱ्या आवृत्तीत मजकूर बदलावा लागला. त्या भांडणात शाळेकडून एक तरी माणूस म्हणाला का, की हो, आमच्या हातून या मुली गेल्या? शाळेची जुनी नोंदवही बघ. शार्लटबद्दल लिहिलंय की हिशेब थोडा येतो, शिवण नीट आहे, व्याकरण, भूगोल, इतिहास काही येत नाही. वयाच्या मानाने हुशार, पण पद्धतशीर असं काही शिकलेली नाही. एका मुलीची एवढीच ओळख. त्या ओळीच्या पलीकडची मुलगी आपल्याला कळली, कारण ती शार्लट ब्राँटे निघाली. बाकीच्यांच्या नावापुढे ओळच राहिली.

मावशी : आता मी बोलू? तू १८५७ म्हणालीस. त्याच वर्षाच्या जानेवारीत केस्टरटनला मुख्य शिक्षिका म्हणून कोण रुजू झालं?

मी : डोरोथिया बील.

मावशी : तर! पंचविशीतली मुलगी. लंडनच्या क्वीन्स कॉलेजात शिकलेली आणि शिकवलेली. तिथे पुरुष प्राध्यापकांच्या हाती फार सत्ता गेली म्हणून तिने ती नोकरी सोडली होती. केस्टरटनला तिच्याकडे काय काय शिकवायला दिलं होतं, ऐक. बायबल, अंकगणित, गणित, प्राचीन इतिहास, अर्वाचीन इतिहास, चर्चचा इतिहास, भूगोल, इंग्रजी साहित्य, व्याकरण, निबंध, आणि वर फ्रेंच, जर्मन, लॅटिन, इटालियन. एकटीला! इंग्लंडभर या शाळेवरून वाद पेटला होता तेव्हा ती त्याच भिंतींच्या आत मुलींना शिकवत होती. तिने पाहिलं की नियम फार कडक आहेत, मुलींना बक्षिसांपेक्षा शिक्षाच जास्त आहेत, त्यांचं मन मरगळलेलं आहे. तिने समितीपुढे जाऊन स्पष्ट सांगितलं की हे बदला, नाहीतर मी राजीनामा देते.

मी : आणि समितीने काय केलं? वर्षाअखेरीला तिला वाटेला लावलं. हे तर माझ्याच बाजूचं झालं.

मावशी : नाही, माझ्या. कारण ती चर्चवर रागावून चर्च सोडून गेली नाही. तिची श्रद्धा शेवटपर्यंत पक्की होती. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, ती चेल्टनहॅम लेडीज कॉलेजची प्राचार्य झाली. तेव्हा तिथे ६९ मुली होत्या आणि शिल्लक चारशे पौंड. १९०६ मध्ये मरेपर्यंत ती त्याच खुर्चीवर होती आणि त्या काळात ते कॉलेज इंग्लंडमधल्या मुलींच्या शिक्षणाचं मोठं ठाणं झालं. पालक बिचकतील म्हणून सुरुवातीला तिने भूमितीला हात लावला नाही. प्राकृतिक भूगोल शिकवला, म्हणजे त्या निमित्ताने विज्ञान आत आलं. सरकारच्या शिक्षण-चौकशीपुढे तिने साक्ष दिली. नंतर शिक्षिका घडवणारं सेंट हिल्डा काढलं, ऑक्सफर्डमध्येही काढलं. हे सगळं शिकायला तिला केस्टरटन लागलं. काय करायचं नाही, हे तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं.

मी : म्हणजे मुली मेल्या, पुढच्या शिक्षिकेला धडा मिळाला, आणि हिशेब मिटला?

मावशी : मी असं म्हटलेलं नाही.

मी : पण त्याचा अर्थ तोच निघतो. आणि चेल्टनहॅमचं सांगतेस तर पुरतं सांग. तिथे दुकानदाराच्या मुलीला प्रवेश नव्हता. सभ्य गृहस्थांच्याच मुली. किराणा मालाच्या दुकानदाराकडे कितीही पैसा असला तरी त्याची मुलगी बाहेर. आपल्याकडे आपण याला जात म्हणतो.

मावशी : म्हणतो, आणि म्हणायलाच हवं. तिथे बील वाकली, तिने संचालक मंडळापुढे मान तुकवली. पण त्याच कॉलेजात १८८४ मध्ये एक विधवा कोकणस्थ बाई, लहान मुलीची आई, कानाने अधू, शाकाहारी, शिकायला आली. तिला त्यांनी घेतलं, संस्कृत शिकवायलाही लावलं.

रमाबाई तिथवर कशा पोचल्या, हे थोडक्यात सांगायला हवं. पुण्यात पंच हौदाजवळ इंग्लंडमधल्या वाँटेज मठाच्या सिस्टर्सचं काम चालायचं. ‘स्त्रीधर्मनीती’च्या उत्पन्नातून आणि या सिस्टर्सच्या आधाराने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. वाँटेजच्या मठात आनंदीबाईंनी आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. वैद्यकीचं शिक्षण बहिरेपणामुळे जमणार नव्हतं, तेव्हा सिस्टर्सनी त्यांना चेल्टनहॅमला बीलकडे पाठवलं. या काळातली त्यांची पत्रं सिस्टर जेराल्डीनने जमवून ठेवली आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. मराठी माणसाने मुलींच्या शिक्षणावर बोलण्याआधी ही पत्रं वाचावीत, असं मला मनापासून वाटतं.

मी : त्या पत्रांतच माझं म्हणणं आहे, मावशी. सिस्टर्सना वाटायचं, आम्ही तुला जेवू घातलं, शिकवलं, आता आमचं ऐक. अंडं घातलेलं पुडिंग खात नाही म्हणून तक्रार. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन शब्द होते. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मला येत नाही, माझ्या देशाला येत नाही, संस्कृत का नको? एवढीशी गोष्ट, पण केवढी ताणली गेली. मनोरमेला कुठला धर्मसिद्धान्त शिकवायचा, यावर आईच्या आधी सिस्टर्सचा हक्क. आणि पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबईचे आणि लाहोरचे बिशप आड आले. हिंदुस्थानात परत गेल्यावर हिच्या नावाला बट्टा लागेल म्हणे! जिच्या वडिलांनी बायकोला संस्कृत शिकवण्यासाठी समाजाचा रोष पत्करला, जिने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलून ‘सरस्वती’ पदवी मिळवली, तिला हे सांगायचं? तिने उलट लिहिलं की मी स्वतःच्या सद्‌सद्विवेकाला बांधलेली आहे. एका धर्मगुरूंच्या जाचातून सुटले ती दुसऱ्यांच्या हाती मान द्यायला नव्हे.

मावशी : आणि बीलने काय केलं, ते तू गाळतेस. रमाबाईंनी शिकवावं असं बीलला वाटत होतं. तिने बिशपांशी पत्रव्यवहार केला. रमाबाईंना त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल शंका होत्या. सिस्टर जेराल्डीनला त्यात उद्धटपणा दिसला, बीलला प्रामाणिकपणा. बीलने वाँटेजला लिहून समजावलं की या बाईला प्रश्न विचारू द्या, दाबू नका. अगं, केस्टरटनच्या समितीपुढे जी स्वतः उभी राहिली होती, तिलाच रमाबाईंचं उभं राहणं कळलं. जेराल्डीनला ते कळलं नाही. चर्चची शाळा म्हणजे एक माणूस नसतो. त्यात केरस विल्सन असतो, मरायाला खेचणारी शिक्षिका असते आणि बीलही असते. तू पहिल्या दोघांवरून सगळ्यांचा न्याय करतेस.

इथे माझं मत सांगते. बीलबद्दल मावशी म्हणते ते खरं आहे, आणि त्यात मला मोठं काही दिसतं. पण त्या शाळेला मोठेपणा द्यायचा तर तो तिच्याशी भांडलेल्या बायकांच्या तोंडून यावा. देणगीदारांसाठी छापलेल्या अहवालातून तो येऊ शकत नाही. मावशीला हे अर्धं पटतं.

मावशी : बरं, मग पुढे चल. रमाबाई अमेरिकेला गेल्या, बॉस्टनच्या लोकांनी त्यांच्यासाठी संस्था काढली आणि त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. ते कसं उघडलं? धर्म शिकवायचा नाही. विधवा मुलींनी आपापलं सोवळं-ओवळं पाळावं, स्वयंपाक तसाच. पुस्तकं मात्र सगळ्यांची, बायबल आणि वेद एकाच कपाटात. हे कुठून आलं? वाँटेजच्या पुडिंगवरून. स्वतःला जे सोसावं लागलं ते आपल्या मुलींना लागू नये, म्हणून. चर्चच्या शाळेचा हा परिणाम आहे, तुला आवडो न आवडो.

मी : हा परिणाम रमाबाईंचा आहे.

मावशी : दोन्ही. आणि आता तुझीच मोजपट्टी तुला लावते. सदन पुढे पुण्याला आलं आणि १८९३ मध्ये तिथे गहजब झाला. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. आता सांग, रमाबाई केरस विल्सनच्या रांगेत बसतात की बीलच्या?

मी : हे मी त्या मुलींना विचारीन. १८९३ मध्ये कुणी विचारलं नाही. पालक आले आणि हाताला धरून घेऊन गेले. काही मुलींना परत सासरी, परत अंधाऱ्या खोलीत जावं लागलं असेल. त्यांना आईबापांची, सासऱ्यांची, ‘केसरी’ची मतं ठाऊक होती; त्यांचं मत कुणाच्या कानावर गेलं नाही. एक मुलगी मात्र बोलली. गोदूबाई जोशी, सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. त्याच १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, आनंदीबाई झाली आणि म्हातारपणी ‘माझे पुराण’ लिहिलं. त्यात सदनाची हकीकत आहे, तिच्या भाषेत. हिंगण्याचं सगळं काम पुढे या घरातून उभं राहिलं. तिच्या तोंडची साक्ष मी मानते.

मावशी : एकीची.

मी : एकीची. शार्लटसारखीच. म्हणून तर बाकीच्यांची आठवण जास्त टोचते.

मावशी : मग केडगावला, रमाबाईंच्या मुक्ती सदनात चल. तिथे धर्म उघड होता, लपवाछपवी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. केस कापलेल्या, हाडं राहिलेल्या पोरी. त्या तिथे राहिल्या असत्या तर मेल्याच असत्या. मुक्तीत त्यांना अन्न मिळालं, अक्षर मिळालं, धंदा मिळाला. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर हिब्रू-ग्रीकवरून केलं, ते त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये निघालं. त्याचे खिळे जुळवले त्या मुलींनीच. कालपर्यंत ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यांनी पानंच्या पानं जुळवली. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा बदलायचा.

मी : माझाही बदलतो. पण त्या छापखान्यात मुलींनी रमाबाईंचं, बायबलचं छापलं. स्वतःचं काय छापलं? त्यांच्यापैकी कुणी पत्रं लिहिली असतील, वह्या असतील, नोंदी असतील.

मावशी : असतील की. केडगाव काही लांब नाही. इतिहास तू शिकवतेस. जा आणि शोध.